रजनी कुणाची देणेकरी नव्हती

1985 साली सुटीत औरंगाबादला मामांकडे गेले होते, तेव्हा दूरदर्शनवर मी ‘रजनी’ पहिल्यांदा पाहिली. मालिका हिंदी होती, पण त्याची अडचण नव्हती. आमच्या वसमतच्या मोंढ्यात निम्मे व्यवहार हिंदीतच चालायचे आणि आमच्या आजोबांची शाळा तर निजामाच्या राज्यात उर्दूत झाली होती. मला चकित केलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. साडी नेसलेली, घरसंसार असलेली एक बाई काउंटरपलीकडच्या माणसाला सरळ विचारत होती, माझं काम का झालं नाही? आणि आमच्या खोलीतले सगळे हसत होते, पण तिला नव्हे, त्या माणसाच्या उडालेल्या तारांबळीला. आमच्याकडे दुकानात आवाज चढवणाऱ्या बाईला भांडकुदळ म्हणत. इथे तशीच बाई सगळ्यांना आवडत होती.

रजनी झालेल्या प्रिया तेंडुलकर विनोदातून आल्या नव्हत्या. विजय तेंडुलकरांची ही मुलगी 1974 च्या श्याम बेनेगलांच्या ‘अंकुर’मध्ये दिसली. मग ‘गोंधळात गोंधळ’, ‘थोरली जाऊ’, ‘माहेरची माणसं’ असे मराठी चित्रपट आले. त्यांनी कथाही लिहिल्या; ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ हा त्यांचा संग्रह. पण देशाने त्यांना ओळखलं ते बासू चटर्जींच्या ‘रजनी’मुळे. पुढे ‘हम पाँच’मध्ये त्यांनी भिंतीवरच्या तसबिरीतून नवऱ्याशी बोलणारी दिवंगत बायको केली. चौकटीबाहेर पाऊल टाकता येत नाही आणि तरी गप्प बसायचं नाही, अशी ती भूमिका. नुसता चेहरा आणि आवाज यांच्या बळावर त्यांनी ती उभी केली. मला ती ‘रजनी’इतकीच महत्त्वाची वाटते. शिवाय स्वतःच्या नावाच्या चर्चेच्या कार्यक्रमात त्या खऱ्याखुऱ्या माणसांना प्रश्न विचारू लागल्या. 19 सप्टेंबर 2002 रोजी त्या गेल्या, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती.

‘रजनी’ने लोकांना जागं केलं असं आपण सहज म्हणून जातो. पण जागे झालेले लोक आधीपासून होते. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली 1974 मध्ये आणि मुंबई ग्राहक पंचायत 1975 मधली. ग्राहक संरक्षण कायदा आला 1986 च्या डिसेंबरात. प्रिया तेंडुलकरांनी या चळवळीला एक चेहरा दिला, आणि त्या चेहऱ्यावर हसू होतं. गॅसच्या सिलिंडरवर, टॅक्सीवाल्यांवर भाग झाले. टॅक्सीवाले संतापले, निषेध झाला. नुसता उपदेश केला असता तर कुणी रागावलं नसतं. लोक हसले म्हणून ते झोंबलं.

तरीही इतक्या वर्षांनी हिंगोली जिल्ह्यात बसून मी ‘रजनी’ आठवते, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसते. रजनी कुणाची देणेकरी नव्हती. गॅसवाल्याशी, टॅक्सीवाल्याशी भांडून ती घरी जाऊ शकत होती. त्यांच्यावाचून तिचं पुढचं वर्ष अडणार नव्हतं.

सेनगाव, कळमनुरीकडची बाई कशी भांडेल? मृगाचा पाऊस पडला की घरातला माणूस कृषी सेवा केंद्रात जातो आणि सोयाबीनची पिशवी उधारीवर आणतो. पैसे माल निघाल्यावर द्यायचे. उधारीच्या व्यवहारात पक्की पावती मागायची कुणाची छाती होत नाही. बियाणं उगवलं नाही तर दुबार पेरणीची पिशवी त्याच दुकानातून, त्याच वहीवर नाव लिहून आणायची असते. माझ्या वडिलांनी एका साली अख्खी चार एकर पेरणी मोडली. दुकानदाराला ते एवढंच म्हणाले, ‘शेठ, अवंदा काही खरं नाही.’ आई ओसरीवर बसून होती. तिला सगळं बोलता येत होतं, ती बोलली नाही. तिच्या गप्प बसण्याला मी कित्येक वर्षं भित्रेपणा समजत होते. तो हिशेब होता.

2020 च्या खरिपात मराठवाडाभर सोयाबीन उगवलं नाही, तेव्हा तक्रारींचा पूर आला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. एकट्यादुकट्याचं जे तोंड उघडत नव्हतं, ते गावच्या गाव नाडलं गेल्यावर उघडलं. मालिकेत एकटी रजनी पुरत असे. आपल्याकडे शेजारणीला सोबत घ्यावं लागेल.

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत आहे. बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहकच नव्हे, असा युक्तिवाद बियाणं विकणारे करत आले. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये, नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात, तो फेटाळला. शेतकरी हातातलं सगळं बियाणं पेरून टाकतो, तपासणीसाठी नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करू नये, हेही न्यायालयाने मान्य केलं. पेरणीची पिशवी कधी हातात धरलेल्या माणसालाच कळेल, हे वाक्य केवढं मोलाचं आहे. 2019 च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनी हैदराबादची असो की दिल्लीची. मालासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावायची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात त्याहून फार वेळ लागतो आणि तेवढ्यात दोन हंगाम येऊन जातात. याचा राग आलाच पाहिजे.

आता दिवाळी झाली की हरभऱ्याची पेरणी. माझी विनंती घरातल्या बायांना आहे. पिशवी आणायला जाल तेव्हा दोघीतिघी मिळून जा. उधारी असली तरी लॉट नंबर लिहिलेलं पक्कं बिल मागा. रिकामी पिशवी आणि तिच्यावरचं लेबल चुलीत घालू नका. आठ-दहा दिवसांत उगवण दिसली नाही तर तालुक्याच्या बियाणे तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्या, पंचनामा झाल्याशिवाय रान मोडू नका. अडलं तर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर फोन लावा. बिल मात्र तुमच्या ट्रंकेत, तुमच्या हाताखाली ठेवा.