क्षमा कोणी करायची?



भृगू ऋषींची कथा आपण सगळे ऐकत आलोय. तिन्ही देवांत श्रेष्ठ कोण, हे पाहायला ते निघाले. ब्रह्मदेव रागावले, महादेव कोपले. मग त्यांनी निजलेल्या विष्णूंच्या छातीवर लाथ मारली. भगवंत उठले आणि उलट विचारलं, "आपल्या पायाला लागलं तर नाही ना?" भागवताच्या दशम स्कंधातली ही कथा. आपण इथेच थांबतो नि म्हणतो, क्षमा असावी तर अशी!

पण वेंकटाचल माहात्म्यात कथा पुढे जाते. त्या छातीवर लक्ष्मीमातेचा वास. लाथ तिच्या घराला बसली, आणि तिला कोणी विचारलंच नाही. ती रुसून करवीरास, म्हणजे कोल्हापूरला आली. भगवंतांना तिच्यामागे भूलोकी उतरावं लागलं. आजही नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो.

आता आपल्या घरात बघू या. पाहुणा सुनेला टाकून बोलतो, आणि आपण वडीलकीने म्हणतो, "जाऊ दे गं, मनावर घेऊ नकोस." आपल्याला हे सोपं जातं, कारण लागलेलं तिला असतं. स्वतःवरचा घाव पोटात घालणं ही क्षमा. दुसऱ्याचा घाव परस्पर माफ करणं ही नुसती आपली सोय.

मग पाहुण्याशी भांडायचं का? नाही. पण शांतपणे "असं बोलू नका" म्हणता येतं. आणि भगवंतांनी ऋषींना विचारलं, तेच आधी घरच्या माणसाला विचारायचं: "तुला लागलं ना?"

शुभं भवतु.