बोळमिश्रित द्राक्षारस

शास्त्रपाठ : मार्क १५:२१-३७, योहान १९:२८-३०



गुलगुथा येथे वधस्तंभावर खिळण्यापूर्वी प्रभू येशूला बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ करण्यात आला. मरणवेदनांची धार काहीशी बोथट व्हावी, हा त्यामागील हेतू असावा. प्रभूने तो घेतला नाही. दर उत्तम शुक्रवारी आपण हा प्रसंग ऐकतो आणि कधीकधी त्यातून एक चुकीचा निष्कर्ष घरी घेऊन जातो.

काही वर्षांपूर्वी कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील एका भगिनीच्या घरी मी प्रार्थनेसाठी गेलो होतो. रोग हाडांत पसरला होता. डॉक्टरांनी मॉर्फीनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. परंतु त्या कपाटातच राहिल्या होत्या. "सवय लागेल," अशी घरच्यांना भीती होती. शिवाय, ज्याअर्थी प्रभूने तो पेला नाकारला त्याअर्थी आपणही सोसावे, असे त्यांना वाटत होते. हे त्यांनी कोठे ऐकले होते? माझ्याच प्रवचनात. त्या भगिनीने चादरीचे टोक दातांत धरून माझी प्रार्थना ऐकली. मी तिच्या सहनशीलतेची प्रशंसा केली आणि परतलो. ती प्रशंसा आजही माझ्या अंतःकरणाला बोचते.

प्रियहो, शास्त्र नीट वाचू या. प्रभूने तो पेला स्वतःसाठी नाकारला. दुसऱ्या कोणाच्या ओठांपासून तो दूर केला नाही. देणाऱ्यांना त्याने दोषही दिला नाही. ज्याने गुलगुथा येथे पेला घेतला नाही, त्यानेच आदल्या रात्री गेथशेमाने बागेत आपल्यापुढील दुःखाचा पेला टळावा म्हणून पित्याची विनवणी केली होती. आणि अखेरच्या घटकेस तहान लागल्याचे सांगून त्याने आंब स्वीकारली. आपल्या सेवाकार्यात त्याने एकाही रुग्णाला "ही वेदना तुझ्या हिताची आहे, ती सोस," असे सांगितल्याचे शुभवर्तमानांत आढळत नाही. चांगल्या शोमरोन्याने जखमी वाटसरूला उपदेश केला नाही. त्याच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. मरणाच्या दारी असलेल्याला मद्य द्यावे, असे नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्यायही सांगतो. स्वतःचा वधस्तंभ उचलणे हे शिष्यत्व होय. दुसऱ्याच्या खांद्यावर तो लादणे हे शिष्यत्व नव्हे.

आता त्या कपाटातील गोळ्यांविषयी. मॉर्फीन अफूपासून मिळते, म्हणून आपण दचकतो. परंतु कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर ते अत्यावश्यक औषध आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात स्पष्ट केले. शक्य तोवर ते तोंडाने द्यावे आणि वेदना उसळण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यावे. साधी गोळी बहुधा दर चार तासांनी दिली जाते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी दिलेल्या मॉर्फीनचे व्यसन लागणे विरळा. सुरुवातीची गुंगी व मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते; बद्धकोष्ठता मात्र टिकते, म्हणून तिच्यावरील औषध प्रारंभापासूनच द्यावे लागते. योग्य मात्रेत दिलेले मॉर्फीन मृत्यू ओढवून आणत नाही. मात्रा मात्र आपल्या मनाने वाढवू नये, औषध एकाएकी बंद करू नये आणि ते मुलांच्या हाती लागणार नाही असे कुलपात ठेवावे.

या कार्यात ख्रिस्ती लोकांचा वाटा मोठा आहे. प्रथम परिचारिका आणि पुढे डॉक्टर झालेल्या सिसिली साँडर्स यांनी आपल्या ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रेरणेने १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच डॉक्टरांना सांगितले होते की, अन्य उपाय नसल्यास वेदनाशमनासाठी अशी औषधे देणे नीतीला धरून आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली शांती आवेदना सदन उभे राहिले. भारतातील ते पहिले हॉस्पिस होय. केरळात १९९३ साली कालिकत येथे सुरू झालेली उपशामक सेवा पुढे स्वयंसेवकांच्या हातांनी घराघरांत पोहोचली.

तरीही आपल्या देशाचे चित्र लाजिरवाणे आहे. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि परदेशी औषधनिर्मितीसाठीही पाठविली गेली आहे. परंतु २०१७ साली लॅन्सेट आयोगाने दाखविले की, भारतात अशा औषधांच्या गरजेपैकी केवळ ४ टक्क्यांच्या आसपास गरज भागत होती. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने निर्माण झालेल्या अडचणी २०१४ च्या दुरुस्तीने पुष्कळशा दूर केल्या. आता कायद्याहून अधिक आडवे येते ते आपले अज्ञान आणि आपली भीती.

वेदना केवळ शरीराची नसते, हे साँडर्स यांनी ओळखले होते. तुटलेले नाते, कर्जाची चिंता, देवाने टाकून दिल्याची भावना यांवर गोळी चालत नाही. तेथे मंडळीनेच बसावे लागते. परंतु ज्याचे हाड रात्रभर ठणकते, त्याला भावाशी समेट करण्याचे किंवा एखादे स्तोत्र ऐकण्याचे बळ कोठून येणार? वेदना शमली तर तो निजेल, मुलांशी बोलेल, स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करील. औषध हे प्रार्थनेचे प्रतिस्पर्धी नव्हे. अनेकदा ते तिच्यासाठी जागा मोकळी करते.

म्हणून, वाचकहो, तुमच्या मंडळीत असा रुग्ण असेल तर केवळ "कसे आहात?" असे विचारून परतू नका. "रात्री झोप लागते का? दुखणे थांबते का?" असे विचारा. थांबत नसेल तर कुटुंबाला डॉक्टरांकडे किंवा जवळच्या उपशामक सेवा केंद्राकडे न्या. आणि पाळकबंधूंनो, खाटेवरच्या माणसाला वधस्तंभाचा संदेश देण्यापूर्वी त्याच्या गोळीची वेळ टळली नाही ना, हे पाहा. ते मी पाहिले नाही.

हे कृपाळू प्रभो, तू आमच्या वेदना जाणतोस. सोसणाऱ्यांना विसावा दे, वैद्यांच्या हातांना यश दे, आणि दुसऱ्याच्या दुःखाची स्तुती करून निघून जाण्याच्या पापाची आम्हांला क्षमा कर. आमेन.