अंधाराला वीस मिनिटं द्या

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ११, श्लोक ८.

मागच्या शनिवारी आम्ही मित्र विरारहून गिरवलीला गेलो होतो. भीमाशंकरच्या वाटेवर, घोडेगावजवळच्या डोंगरावर आयुकाची वेधशाळा आहे. २००६ पासून तिथे दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण आहे. आधीच परवानगी काढली होती, त्यामुळे ती दिवसा पाहिली आणि रात्री जवळच्या माळावर आकाशदर्शनाला बसलो. अमावास्या होती. आपण तिला टाळतो, तारे बघणारे तिचीच वाट बघतात.

वर पाहिलं. विरारपेक्षा तारे जास्त होते, पण फोटोत दिसतं तसं काही नाही. मी मोबाईल काढला. सोबतचे काका म्हणाले, "अरे, ठेव तो खिशात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. स्क्रीन बघितलीस की परत पहिल्यापासून!"

गप्प बसलो. हळूहळू आकाश भरत गेलं. डोक्यावर कृत्तिकांचा पुंजका दिसला. लहानपणी बाबांनी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर दाखवला होता, तोच. तारे आधीपासून तिथेच होते, माझे डोळे तयार नव्हते.

खरं सांगतो, गेल्या वर्षी बाबा गेले तेव्हापासून मी देवापुढे बसतो आणि पाच मिनिटांत उठतो. काहीच 'फील' होत नाही. तिकडे कोणी ऐकतंय का, असं वाटतं. त्या रात्री प्रश्न माझ्यावरच आला : तू कधी वीस मिनिटं बसलास का?

अकराव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला पुन्हा पुन्हा म्हणतात, पाहा. त्याला दिसत नाही. तरी ते रागावत नाहीत, तुझी श्रद्धा कमी पडली असं म्हणत नाहीत. या डोळ्यांनी मी दिसणार नाही, एवढं सांगतात आणि दिव्य दृष्टी स्वतःच देतात. म्हणजे ती कमवायची नाही, ती कृपा आहे. वीस मिनिटं बसलं की देव दिसतो, असा फॉर्म्युला नाही. पण अर्जुन रथातून उठून गेला नाही. आपल्या हातात तेवढंच आहे.

सोमवारी ऑफिसमधून आल्यावर बसलो. दिसलं काहीच नाही. बाबांची आठवण आली, रडू आलं. पण उठलो नाही.

आजचा संकल्प : दिवा लावा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि वीस मिनिटं नुसते बसा.

राम कृष्ण हरी 🙏