हाताला पोचेल एवढी वीज

सरस्वतीपुरमच्या आमच्या गल्लीत सकाळी गच्च्यांवरचे सौर बंब चमकू लागतात, तेव्हा घरकामाला येणाऱ्या बाई अंगणात पडलेल्या नारळाच्या झावळ्या गोळा करून फाटकाशी ठेवतात. जाताना त्या घरी नेतात, आंघोळीचं पाणी तापवायला. त्यांच्याकडे गॅस आहे, वीजही आहे. पण गॅस पाण्यावर घालवणं जमत नाही. "वीज तर आता फुकट आहे, रॉड का नाही घेत?" मी एकदा विचारलं. त्या हसल्या. "अक्का, तुमचं फुकट वेगळं, माझं वेगळं."

मग आम्ही दोघींची बिलं शेजारी शेजारी ठेवून पाहिली.

कर्नाटकात २०२३ साली गृहज्योती योजना आली. दोनशे युनिटांपर्यंत वीज मोफत, असं आपण थोडक्यात म्हणतो. प्रत्यक्षात प्रत्येक घराची मोफत मर्यादा त्याच्या २०२२-२३ मधल्या सरासरी वापरात दहा टक्के मिळवून ठरली. पुढे अगदी कमी वापर असलेल्यांना टक्क्यांऐवजी दहा युनिटं वाढवून दिली. माझी सरासरी १५०, म्हणून मला १६५ युनिटं फुकट. त्यांची ३५, म्हणून ४५. दीड किलोवॅटचा रॉड रोज अर्धा तास लावला, तर महिन्याला साडेबावीस युनिटं होतात. म्हणजे त्यांची मर्यादा ओलांडलीच. त्यांचा हक्क त्यांच्या काटकसरीने ठरवला, माझा माझ्या गीझरने.

हे आठवलं की स्वच्छ ऊर्जेवरचे वाद मला विचित्र वाटतात. एक बाजू म्हणते, पृथ्वी वाचवायची तर थोडी झळ सोसा. दुसरी म्हणते, कमाई आधीच घटली आहे, गरिबाच्या माथी हा खर्च मारू नका. दुसरं म्हणणं मला जवळचं वाटायचं. पण झावळ्यांचा धूर श्रीमंताच्या नव्हे, त्या बाईंच्याच छातीत जातो. त्यांच्या नावाने बदल लांबवला, तर त्या लांबणीची किंमतही त्याच मोजतात. तारेतून येणारी सगळी वीज काही पावगडच्या सौर पार्कातली नसते, रायचूरच्या कोळशाचीही असते. तरी निदान ती त्यांच्या न्हाणीत धूर करत नाही.

स्वस्त गोष्टीला कन्नडमध्ये 'कैगेटुकुव' म्हणतात, म्हणजे हाताला पोचणारी. भाषांतरात मी तिथे सवयीने 'परवडणारी' लिहिते. पण मराठीतलं परवडणं हिशेबाचं असतं, आणि कधी दोन वाइटांतल्या निवडीचंही: एकवेळ धूर परवडला, पण बिल नको. कन्नड शब्द वेगळंच विचारतो: वस्तू किती उंचावर ठेवली आहे? केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेत छतावरच्या पॅनेलांसाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. ते पॅनेलं बसल्यावर खात्यात येतं. म्हणजे आधी छत हवं, मग हाताशी पैसे किंवा कर्ज मिळण्याची ऐपत. सूर्य सगळ्यांचा, शिडी ज्याची त्याची.

हे नवं नाही. शिवनसमुद्रला कावेरीच्या पाण्यावर १९०२ साली वीज तयार झाली, ती आधी कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे गेली. बंगळुरूच्या रस्त्यांवर दिवे लागायला १९०५ उजाडलं. तेव्हा खाणीमुळे प्रकल्पाचा खर्च निघतो, असा युक्तिवाद तरी होता. माझ्या गीझरच्या बाजूने तसा कुठला युक्तिवाद मला सुचत नाही.

स्वच्छ की स्वस्त, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. पैसे तेवढेच असले, तरी ते कोणाला आधी आणि कशाच्या मापाने द्यायचे, इथे न्याय-अन्याय ठरतो. कालच्या वापराचं माप लावलं, तर कालची गरिबीच उद्याची मर्यादा होते. त्यापेक्षा आंघोळीचं पाणी आणि दिवे-पंखे धरून सगळ्यांना सारखी युनिटं मोफत द्यावीत, त्यावरचे पैसे ज्याचे त्याने भरावेत.

तसं झालं, तर मला दर महिन्याला बिल येईल. योजनेचा अर्ज मी हौसेने भरला होता, म्हणून हेही आधीच सांगून ठेवते: ते मला परवडेल.