'वाय' दाबण्याआधी

नृसिंहवाडी

चि. बाळ,

काल फोनवर तू घाईत होतास. डेबियनचं अपग्रेड मध्येच थांबलंय, 'तुमची फाइल ठेवू की नवी बसवू' विचारतंय, 'वाय' दाबू का, म्हणालास. दाबू नकोस. 'वाय' म्हणजे नवी फाइल. नुसतं एंटर दाबलंस तर डेबियन तुझीच ठेवतं. पण आधी 'डी' दाबून दोन्हींतला फरक वाच.

हा प्रश्न दर वेळी येत नाही. पॅकेजबरोबर आलेल्या कॉन्फिग फाइलींचे एमडीफाइव्ह ठसे डेबियनचं पॅकेज बसवणारं डीपीकेजी नोंदवून ठेवतं. तू हात लावला नसशील, तर नवी फाइल गुपचूप बसते. बदल फक्त तुझाच असेल, तर तुझी राहते. दोन्हीकडून बदल झाला, की मगच विचारणा. तू मुद्दाम पुसलेली फाइलसुद्धा ते आपणहून परत आणत नाही. ही अदब मला फार आवडते. फेडोरावाले विचारत बसत नाहीत, बाजूला '.आरपीएमन्यू' किंवा '.आरपीएमसेव्ह' ठेवून मोकळे होतात. ती शोधायची तू.

पॅकेज काढताना जास्त जप. 'रिमूव्ह'ने प्रोग्रॅम जातो, ईटीसी फोल्डरातल्या कॉन्फिग फाइली राहतात, डीपीकेजीच्या यादीत 'आरसी' दिसतं. 'पर्ज'ने त्याही जातात. साफसफाई म्हणून सरसकट पर्ज चालवणारे बघितले की जीव वरखाली होतो. वाचवतात काय, तर चार केबी! आपल्या वाडीत 2005, 2019, 2021 ला पाणी चढलं, तेव्हा लोकांनी आधी सातबारा नि वह्या उचलल्या, पलंग नंतर. पॅकेज मिररवरून केव्हाही पुन्हा उतरवता येतं. कुठल्या आयपीला आत घ्यायचं, हे तू लिहिलेलं कुठल्याच मिररवर नाही.

त्याहून शहाणपणाचं म्हणजे मूळ फाइलीला हातच लावू नये. पुष्कळ प्रोग्रॅमना '.डी'ने संपणारं फोल्डर असतं. तिथं आपल्या ओळींची वेगळी फाइल ठेवावी, म्हणजे अपग्रेडशी भांडण उरत नाही. शिवाय जोई हेसचं 'ईटीसीकीपर' बसव. एप्ट चालण्याआधी आणि नंतर ते सगळं ईटीसी गिटमध्ये नोंदवतं. मात्र ते गिट त्याच डिस्कवर असतं, म्हणून एक प्रत दुसरीकडे हवीच.

आज रात्री फरक समोर घेऊन फोन कर, ओळ न् ओळ वाचून दाखव. पासवर्डाची तेवढी गाळ. तुझी काकू शेजारीच बसलेली असते.

तुझा,
काका