वाक्य कोणाचं?

माझी भाची परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी कृषी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. यंदा तिने मुक्त विद्यापीठाच्या मराठी बी.ए.चा अर्ज आणला आणि आमचा वाद सुरू झाला. एका वेळी दोन पदव्या घ्यायला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्येच मुभा दिली आहे, तेव्हा नियमाची अडचण नव्हती. शेतीशास्त्र शिकणाऱ्या मुलीने लिहिणं हा वेगळा विषय म्हणून शिकावा का, एवढाच प्रश्न होता. मी विरोधात होतो. बोलणं जसं झालं तसं मांडतो, कारण हा प्रश्न आमच्या घरापुरता नाही.

मी : लिहायला वेगळी पदवी कशाला? ज्याला विषय कळला त्याला लिहिता येतं. तुमच्या विद्यापीठाचं ‘शेतीभाती’ निघतं, दरसाल कृषी दैनंदिनी निघते. त्यात लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांना कोणी मराठीची पदवी विचारली नाही.

ती : मामा, जून आला की एक वाक्य सगळीकडे छापून येतं. ‘७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये.’ हे कोणासाठी लिहिलंय?

मी : शेतकऱ्यासाठी. आणि बरोबर आहे ते. ते न ऐकल्यामुळे दुबार पेरणी करणारी गावंच्या गावं मी बघितलीत.

ती : बरोबर आहेच. पण पर्जन्यमापक असतो मंडळाच्या गावी. जूनचा पाऊस या बांधाला पडतो, त्या बांधाला नाही. कार्यानुभवाला आम्ही ज्या गावात राहिलो, तिथल्या एका आजीला मी विचारलं, पेरायचं कसं ठरवता? त्यांनी खुरपं घेतलं, रानात कोरडी माती लागेपर्यंत उकरलं आणि त्या खड्ड्यात हात घालून वीत लावली. ओल वीतभर गेली की तिफण धरायची, म्हणाल्या.

मी : झालं तर. ‘वीतभर ओल गेल्यावर पेरा’ असं लिही. त्याला बी.ए. लागत नाही.

ती : कोणत्या रानात, मामा?

इथे मी गप्प झालो, कारण प्रश्न माझ्या विषयातला होता. काळी भारी जमीन पाणी धरून ठेवते, त्यामुळे तेवढाच पाऊस तिच्यात कमी खोल जातो. जिंतूरकडच्या हलक्या, मुरमाड रानात तोच पाऊस झरकन खाली उतरतो. म्हणजे हलक्या रानात वीतभर ओल कमी पावसातच दिसते, आणि तिथूनच ती आधी उडून जाते. सगळ्यात जास्त सबुरी ज्याने धरायला हवी, त्यालाच हे सोपं वाक्य सगळ्यात आधी पेरायला लावतं. गोदाकाठच्या भारी रानाचा धनी मात्र वाट बघत बसतो. सोपं करून लिहिणं ही सेवा आहे असं आपण धरून चालतो. अशा एका सोप्या ओळीने बियाण्याची बॅग मातीत जाऊ शकते, हे सोपं करणाऱ्याच्या गावी नसतं.

मी : मग माझंच खरं झालं. माती कळल्याशिवाय लिहिता येत नाही. तू एम.एस्सी. कर मृदाशास्त्रात.

ती : माती ज्यांना कळते त्यांनीच मिलिमीटर लिहिलेत. मला तिसरंच काही लिहायचंय. ७५ मिलिमीटरच का, ते त्या कागदावर कुठेच नसतं. उगवून आल्यावर दहा-पंधरा दिवस पावसाने ओढ दिली तर रोपाने जगायचं कशावर? जमिनीत साठलेल्या ओलीवर. ती साठायला तेवढा पाऊस लागतो. एवढं सांगितलं तर ज्याचं रान हलकं आहे तो वीत लावूनही आणखी एका पावसासाठी थांबेल. त्याला आपलं रान माहीत आहे, फक्त कारण माहीत नाही.

मला हे पटलं, आणि पटल्यामुळेच धास्तीही वाटली. शिफारस म्हणजे काय, हे खात्यात राहिलेल्या माणसाला कळतं. कैक हंगामांच्या चाचण्या होतात. मग राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी अशा चारही कृषी विद्यापीठांचे शास्त्रज्ञ वर्षातून एकदा ‘जॉइंट ॲग्रेस्को’च्या बैठकीला बसतात, एकेका शब्दावर भांडतात आणि मग ते वाक्य मंजूर होतं. गावात उभं राहून ते वाचून दाखवताना माझ्या पाठीशी ती सगळी बैठक असायची.

मी : मंजूर वाक्यात बदल करायचा अधिकार तुला कोणी दिला?

ती : बदल करत नाही. शेजारी कारण ठेवते.

मी : कारण हेही वाक्यच आहे. त्याची कोणी चाचणी घेतलीय? शेतकरी तुझ्या कारणावरून स्वतःचा हिशेब करणार आणि चुकला तर म्हणणार, विद्यापीठाच्या कागदावर होतं.

ती : आता तो हिशेब करत नाही असं वाटतं का तुम्हाला? फवारणीच्या शिफारशीखाली एक ओळ असते बघा, ‘हे प्रमाण साध्या पंपासाठी आहे, पॉवर पंपासाठी तीनपट वापरावे.’ का, ते नाही लिहिलेलं. पॉवर पंपाने एकराला पाणी कमी लागतं, म्हणून तेवढंच औषध थोड्या पाण्यात जातं. एकराचं औषध तेवढंच राहतं. ज्याला हे ठाऊक नाही तो समजतो, पंप भारी तर औषधही भारी. मग पाणी साध्या पंपाइतकंच मारतो आणि औषध तिप्पट घालतो. कारण काढून घेतलं म्हणून हिशेब थांबत नाही, तो अंदाजाने होतो.

मग मी २०१७ चा विषय काढला. त्या साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. बाटलीवर विषारीपणाचा त्रिकोण असावाच लागतो : सगळ्यात जहाल औषधाला लाल, मग पिवळा, निळा, हिरवा. सोबतची घडीपत्रिका हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत द्यावी लागते. मी तिला म्हणालो, शब्दांनी माणूस वाचत असता तर हे झालंच नसतं.

ती : फवारणारा मजूर ती बाटली बघतो का, मामा? मालक बादलीत औषध कालवून देतो. मजुराच्या हातात येते बादली. त्रिकोण दुकानात किंवा कोठ्यात राहतो. लिहिणाऱ्याने वाचणारा धरला तो बाटली विकत घेणारा. श्वासातून औषध ओढणारा दुसराच होता. हे मला शिकायचंय, कागद कोणाच्या हातापर्यंत जातो आणि कुठे अडतो ते.

मी : ते बी.ए.त शिकवतात? तिथे कविता-कादंबऱ्या असतात, बाई.

ती : ठाऊक आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकापासून तांत्रिक लेखनाच्या पदव्या आहेत, परभणीत बसून मला मराठीतून तशी मिळत नाही. जे मिळतंय त्यात व्यावहारिक मराठी आहे, भाषाविज्ञान आहे. कादंबरीचंही वावडं नाही मला. दुसऱ्याच्या डोक्यात शिरून बघायची सवय आणखी कुठे लागते?

यावर मी तिला हैदराबादचं उदाहरण दिलं. परभणी निजामाच्या राज्यात होती. तिथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि विज्ञानासकट सगळं उर्दूतून शिकवायचं ठरलं. त्यासाठी आदल्याच वर्षी भाषांतराचं स्वतंत्र खातं उघडलं होतं. परिभाषा ठरवायला शास्त्राचे जाणकार आणि भाषेचे जाणकार एका मेजाशी बसत. दोन विद्या एकाच डोक्यात कोंबायचा आग्रह त्यांनी धरला नाही. मला तो मार्ग आजही शहाणपणाचा वाटतो. अर्धं हे, अर्धं ते शिकलेल्या माणसाला दोन्हीकडचा आत्मविश्वास येतो आणि खोली कुठलीच येत नाही, असं मी नोकरीत फार पाहिलं.

ती : पण ती पुस्तकं वर्गात जायची. अडलं तर विचारायला समोर मास्तर असायचे. माझं पत्रक एकटं जातं. आणि मेजाशी बसलेल्या दोघांत एकाला तरी दुसऱ्याला काय विचारायचं हे कळायला नको का? ‘कोणत्या रानात?’ हे भाषेच्या माणसाला सुचलं नसतं. ‘मिलिमीटर कोण मोजणार?’ हे मातीच्या माणसाला इतकी वर्षं सुचलेलं नाही.

अर्ज भरायला मी हो म्हणालो. एक अट घातली : तिने लिहिलेलं काहीही छापण्याआधी दोघांनी वाचायचं. एक त्या विषयाचा शास्त्रज्ञ आणि एक ते काम हाताने करणारी बाई किंवा गडी. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायचं आणि काय कळलं ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं. तिला ही अट आवडली. मग तिनेच पुढचं विचारलं.

ती : आणि दोघांचं जमलं नाही तर? आजींना कळलं पण शास्त्रज्ञांनी सही केली नाही, तर?

मी : तर छापायचं नाही.

ती : मामा, पाऊस पडलेला असतो. चार दिवसांत वापसा येतो आणि जातो. तोवर लोक पेरून मोकळे होतात, दुकानदार सांगेल ते ऐकून. न छापलेल्या वाक्याचा दोष कोणाकडे?

माझं मत आहे की अर्धवट खात्रीचं वाक्य विद्यापीठाच्या नावाने जाऊ नये, कारण एकदा विश्वास गेला की पुढची दहा बरोबर वाक्यंही कोणी ऐकत नाही. तिचं मत आहे की खात्री किती आहे तेही शेजारी लिहावं आणि वेळेवर पाठवावं. ‘एवढं तपासलेलं आहे, एवढं अंदाजाचं आहे’ हे शेतकऱ्याला झेपतं, असं ती म्हणते. मी म्हणतो, अंदाजाच्या भागाकडे लक्ष द्यायला जूनमध्ये कोणाला उसंत असते? यावर आमचं अजून जमलेलं नाही. तिने त्या पेरणीच्या पत्रकाचे दोन मसुदे केले आहेत, एक माझ्या म्हणण्याप्रमाणे, एक तिच्या. येत्या मृगाआधी ती दोन्ही त्या आजींना वाचून दाखवणार आहे.