शाळेला नाटकांचं वर्ष हवं

सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. आपल्या विद्यार्थ्यांसाठी नाटकं लिहून द्या, अशी मागणी त्यांनी विजय तेंडुलकरांकडे केली आणि तेंडुलकरांनी ती लिहून दिली. पुढे १९६७ मध्ये तेंडुलकरांच्याच ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली लीला बेणारे सुलभाताईंनी उभी केली. १९७१ मध्ये ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था सुरू झाली. १९७४ पासून त्याच छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांचे प्रयोग होऊ लागले आणि मराठी रंगभूमीला एक नवं घर मिळालं. ‘छबिलदास’ म्हटलं की आपल्याला आठवतात ते संध्याकाळचे प्रयोग. एका शिक्षिकेनं आपल्या वर्गासाठी नाटककाराकडे नाटक मागितलं होतं, ही त्याआधीची गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

कारण आज शाळांमधून ती मागणीच नाहीशी झाली आहे. नाटक शाळेत अजून आहे, पण दोनच रूपांत. एक स्पर्धेचं आणि दुसरं गॅदरिंगचं.

स्पर्धेच्या नाटकाबद्दल मी आदरानंच बोलेन. राज्य बालनाट्य स्पर्धेनं आणि गावोगावच्या आंतरशालेय स्पर्धांनी अनेक मुलांना पहिल्यांदा खऱ्या रंगमंचावर उभं केलं. तालुक्याच्या शाळेतल्या मुलीनं शहरातल्या नाट्यगृहात तिसरी घंटा ऐकणं ही लहान गोष्ट नाही. पण स्पर्धा आली की निवड आली. आवाज मोठा, उच्चार स्वच्छ, चेहरा बोलका अशी दहा-बारा मुलं वेचली जातात, बाहेरून दिग्दर्शक येतो, महिनाभर तालमी होतात, प्रयोग होतो, करंडक मिळतो किंवा मिळत नाही. त्यानंतर संहिता कपाटात जाते आणि पुढच्या वर्षी बहुधा तीच मुलं पुन्हा निवडली जातात. शाळेतल्या उरलेल्या मुलांचा नाटकाशी संबंध येतो तो टाळ्या वाजवण्यापुरता.

गॅदरिंगची गोष्ट याहून वेदनादायक आहे. अलीकडे अनेक शाळांमध्ये नाटुकल्यांचे संवाद आधी ध्वनिमुद्रित करतात आणि प्रयोगाच्या वेळी स्पीकरवर लावतात. मुलं त्यावर नुसते ओठ हलवतात. माईक कमी असतात, मैदान मोठं असतं, मुलं विसरतात, पालकांना सगळं नीट ऐकू यायला हवं, ही सगळी कारणं मला मान्य आहेत. तरीही ही पद्धत शाळेनं एक दिवसही चालू ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. वाक्य विसरणं, समोरच्यानं सावरून घेणं, विंगेतून प्रॉम्प्टरनं अर्धा शब्द देणं आणि गाडी पुन्हा रुळावर येणं, यासाठीच तर मुलानं नाटक करायचं असतं. चारशे माणसांसमोर मूल क्षणभर गप्प होतं आणि मग स्वतःच्या आवाजात पुढचं वाक्य शोधतं. त्या क्षणी ते जे शिकतं, ते दुसऱ्या कुठल्याही तासाला शिकवता येत नाही. ध्वनिमुद्रणानं आपण नेमका तोच क्षण काढून घेतो आणि मुलाच्या हाती फक्त कपडे ठेवतो.

मग शाळेनं काय करावं? एका मोठ्या नाटकाऐवजी वर्षभराची नाटकं करावीत. पावसाळ्यात पाचवी-सहावीच्या मुलांनी वर्गातच, बाक भिंतीला सरकवून, वीस मिनिटांचं नाटक करावं. नेपथ्य नको, प्रकाशयोजना नको, प्रेक्षक शेजारच्या वर्गाचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर मधल्या वर्गांनी थोडं मोठं नाटक घ्यावं आणि त्याचे निदान चार प्रयोग करावेत, कारण पहिल्या प्रयोगात मूल घाबरतं, दुसऱ्यात प्रेक्षकांच्या हशाला भुलतं आणि तिसऱ्या-चौथ्यात कुठे समोरच्या पात्राचं ऐकू लागतं. वर्षाच्या शेवटी नववीच्या मुलांनी स्वतः लिहिलेलं काहीतरी करावं, मग ते कितीही ओबडधोबड असो. आणि एक नियम कडक पाळावा. ज्यानं एका नाटकात मुख्य भूमिका केली, त्यानं पुढच्या नाटकात विंगेत उभं राहायचं. राजा झालेल्या मुलानं पुढच्या खेपेला प्रॉपर्टीचं टेबल सांभाळायचं, तलवार कोणत्या प्रवेशाला कोणाच्या हातात द्यायची याची यादी ठेवायची. हे केलं की त्याला कळतं, आपण राजा होतो तेव्हा अंधारात कोणीतरी आपल्यासाठी जागं होतं.

असा नियम स्पर्धेत पाळता येत नाही. तिथे उत्तम नट बाहेर ठेवणं परवडत नाही. तो पाळता येतो फक्त शाळेत, कारण शाळेला जिंकायचं नसतं.

संहिता नाहीत, ही तक्रार तर खोटीच आहे. १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी मुलांसाठी ‘लिटल थिएटर’ सुरू केलं आणि रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’पासून मराठी बालनाट्याला नवं वळण लागलं. पुढे मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’ ही त्यांची नाटकं आजही खेळली जातात. तेंडुलकरांचं ‘राजाराणीला घाम हवा’ किंवा ‘बाबा हरवले आहेत’ वाचून पाहा. मुलांना मूर्ख समजून लिहिलेलं एकही पान त्यांत नाही. १९८६ मध्ये मोहन आगाशे यांनी बर्लिनची ग्रिप्स ही बालनाट्याची चळवळ पुण्यात आणली. तिथे मोठी माणसं मुलांच्या भूमिका करतात, म्हणजे शाळेच्या नाटकाहून तो प्रकार वेगळा. पण मुलांचे खरे प्रश्न, आईबाबांची भांडणं, मोठ्यांचा अन्याय हे सगळं मुलांसमोर मांडता येतं, हे ग्रिप्सनं दाखवलं. शाळांनी हा धीर दाखवायला हवा. पाणी वाचवा, झाडे लावा हे विषय चांगलेच आहेत, पण प्रत्येक नाटकाच्या शेवटी मुलाला रांगेत उभं करून उपदेश म्हणायला लावणं, हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे. (आणि नाटक कोणाचंही निवडा, लेखकाची परवानगी घ्या, शक्य असेल ते मानधन द्या. मुलांना तेही दिसू द्या.)

वेळेचा प्रश्न खरा आहे. अभ्यासक्रम पुरा करायचा, सराव परीक्षा घ्यायच्या, शिक्षकांना शाळेबाहेरची कामं. इंटरमिजिएट चित्रकलेच्या परीक्षेला दहावीत वाढीव गुण मिळतात, म्हणून पालक मुलांना तिकडे आवर्जून पाठवतात. नाटकाच्या मागेही गुण लावा, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. गुण आले की पुन्हा निवड येईल, शिकवण्या येतील आणि विंगेत उभं राहायला कोणी तयार होणार नाही. नाटकाला गुण नकोत, वेळापत्रकात जागा हवी. आठवड्याचे दोन तास, एक रिकामी खोली आणि ज्याला खरोखर आवड आहे असा एक शिक्षक. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं कलाशिक्षणात नाटकाचाही समावेश केला, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. कागदावर जागा आहे, ती शाळेच्या घड्याळात आणायची आहे.

वाचकांमध्ये बरेच पालक असतील, काही शिक्षक असतील. दिवाळीची सुट्टी संपली की शाळांमध्ये गॅदरिंगची तयारी सुरू होईल. तेव्हा मुख्याध्यापकांना भेटा आणि दोनच गोष्टी मागा: मुलांचे संवाद मुलांच्याच तोंडून येऊ द्या, आणि गॅदरिंगच्या नाटकाचा दुसरा प्रयोग जानेवारी संपायच्या आत, वेगळ्या मुलांना घेऊन करा.